जिभेला मुंग्या आल्या की उतरवा

चीनच्या सरकारी औषधसंहितेत एका मुळाची कृती दिली आहे. वाचताना वाटतं आपण पाककृतीच वाचतोय. लहान-मोठी मुळं वेगळी करा. आत कोरडा गाभा राहणार नाही इतकी पाण्यात भिजवा. मग 4 ते 6 तास उकळा, नाहीतर 6 ते 8 तास वाफवा. त्यातलं मोठं, भरीव मूळ काढून कापून बघा. मध्ये पांढरं दिसत नसेल आणि चाखल्यावर जिभेला अगदी किंचित मुंग्या येत असतील, तर उतरवा.

त्या शेवटच्या वाक्याशी मी थबकले. कारण हेच मूळ कच्चं असताना त्यात जे विष असतं, ते शुद्ध रूपात साधारण 2 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी माणूस दगावू शकतो. साखरेचे तीन-चार दाणे चिमटीत घ्या, तेवढं. आणि अशा मुळाची शुद्धता तपासायला संहिता सांगते, जीभ लावा! हा वेडेपणा वाटतो, पण त्यामागे पक्कं शास्त्र आहे. ते समजलं की या मुळाची सगळी गोष्टच उलगडते. (घरी कोणी हा प्रयोग करू नये. संहितेतली जीभ प्रशिक्षित माणसाची आहे आणि ती तासन् तास शिजलेल्या मुळाला लागते.)

ही कृती आहे वूथोउ या मधल्या मुळाची. त्याच झाडाच्या बाजूच्या मुळाचं नाव फूझी, आणि ही गोष्ट मुख्यतः त्याची. झाडाचं शास्त्रीय नाव अकोनिटम कारमायकेली. निळ्या-जांभळ्या, डोक्यावर टोपरं घातल्यासारख्या दिसणाऱ्या फुलांचं, कमरेएवढं वाढणारं झाड. आपल्याकडचा बचनाग याच कुळातला.

आई आणि लेकरू

सांगलीकडच्या हळदवाल्यांना हे पटकन कळेल. हळदीच्या बुडाशी मधला जेठा गड्डा असतो आणि त्याला बाजूने बगल गड्डे, हळकुंडं फुटतात. फूझीचंही तसंच काहीसं. मधल्या मुळाला चिनी लोक म्हणतात वूथोउ, म्हणजे कावळ्याचं डोकं, कारण ते काळं आणि चोचीसारखं निमुळतं असतं. त्याच्या बगलेला जी मुळं चिकटून वाढतात ती फूझी. शब्दाचा अर्थच ‘चिकटलेलं लेकरू’. एकाच झाडाची ही दोन मुळं चिनी वैद्यकात दोन वेगळी औषधं आहेत. आईमूळ सांधेदुखीच्या वेदनेवर, लेकरू अंगात ऊब आणायला. मधलं मूळ आपलं वर्ष भरलं की सुकून जातं आणि पुढच्या हंगामाचं झाड लेकरातून उगवतं.

फूझीचं माहेर सिचुआन प्रांतातलं ज्यांगयोउ. चिनी लोक हे गाव कवी ली बाईचं म्हणून ओळखतात, वैद्य मात्र फूझीचं म्हणून. बियाण्याची मुळं डोंगरात वाढवतात आणि दक्षिणायन संपताना, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात, खाली सपाटीवर आणून लावतात. काढणी जूनच्या उत्तरार्धापासून पुढे. मधल्या काळात शेतकरी एक विलक्षण काम करतो. वसंतात दोनदा तो झाडाच्या बुडाची माती हलक्या हाताने उकरतो, बारीकसारीक मुळं छाटून टाकतो, मोजकीच मोठी राखतो आणि माती परत लोटतो. झाड जागचं हलता कामा नये. द्राक्षाच्या घडाची विरळणी आपण डोळ्यांसमोर करतो, हे लोक जमिनीखाली करतात.

ही शेती किती जुनी? यांग थ्यानहुई नावाच्या अधिकाऱ्याने 1099 मध्ये या भागातल्या फूझीवर एक टिपण लिहून ठेवलं. मशागत कशी करतात, कुठल्या गावात किती पिकतं, आणि एकाच झाडाच्या मुळांना आकारावरून किती नावं आहेत, हे सगळं त्यात आहे. चार गावांत मिळून वर्षाला 1,60,000 चिनी शेरांहून जास्त माल, असा त्याचा हिशेब होता. नऊशे वर्षांपूर्वीच हे नगदी पीक होतं.

विष करतं काय?

आपल्या चेतातंतूंच्या आणि हृदयाच्या पेशींना सोडियम आत घेण्यासाठी बारीक दारं असतात. संदेश पुढे जायचा असला की दार क्षणभर उघडतं, सोडियम आत घुसतं, विजेचा झटका पुढे सरकतो आणि दार लगेच मिटतं. मिटणं महत्त्वाचं आहे. दार मिटलं तरच पेशी पुढच्या झटक्याला तयार होते.

फूझीतलं मुख्य विष म्हणजे ॲकोनिटीन. ते या दारात पाचर मारतं. दार उघडं ते उघडंच. जिभेवर हे घडलं तर तिथले तंतू कारण नसताना संदेश पाठवत सुटतात, म्हणून आधी मुंग्या येतात. मग ते थकल्यासारखे गप्प होतात आणि जीभ बधिर होते. हेच हृदयात घडलं तर ठोक्याची शिस्त मोडते. एका ठिकाणाहून सुटणारा हुकूम चार ठिकाणांहून सुटायला लागतो. हृदय थरथरतं, पण रक्त पुढे ढकलत नाही.

म्हणजे संहितेतली ती जीभ खरं तर एक मोजमापाचं यंत्र आहे. जी दारं हृदयात आहेत तशीच जिभेच्या तंतूंत आहेत, आणि जीभ तक्रार करते ते हृदय बिघडेल त्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेला. सोडियमचा पत्ता लागण्याच्या शेकडो वर्षं आधी कोणाच्या तरी हे लक्षात आलं होतं. किती जिभांची किंमत मोजून, ते विचारू नये.

पाचर आणि दाराचा हा खेळ नीट समजावणारी एक घटना मात्र काळी आहे. 1986 मध्ये जपानच्या ओकिनावा भागात एका तरुण विवाहितेचा अचानक मृत्यू झाला. तिच्या नावावर मोठा विमा होता. नवरा तिच्याजवळून निघून गेल्याला बराच वेळ झाला होता, आणि ॲकोनिटीन तर लवकर काम करतं. मग नवऱ्याने विष दिलं कसं? जपून ठेवलेल्या रक्तात पुढे दोन विषं सापडली. एक ॲकोनिटीन, दुसरं फुगू माशाचं. फुगूचं विष नेमकं उलटं काम करतं, सोडियमची दारं बंद करून ठेवतं. एक दार उघडं धरतंय, दुसरं लोटतंय, अशा ओढाताणीत लक्षणं उशिरा दिसली. नवऱ्याला जन्मठेप झाली.

चीनच्या इतिहासातही या मुळाने एक राणी घेतली आहे. हान घराण्याचा सम्राट श्वान याची पत्नी शू पिंगजुन इसवी सनापूर्वी 71 मध्ये बाळंत झाली. दरबारातला सर्वांत बलाढ्य माणूस हुओ ग्वांग. त्याच्या बायकोला आपली मुलगी राणी व्हायला हवी होती. तिने चुनयू यान या स्त्रीवैद्याला हाताशी धरलं. यानने फूझी कुटून राजवाड्यात नेलं आणि बाळंतिणीच्या गोळीत मिसळलं. डोकं जड झालंय, औषधात काही विषारी तर नाही ना, असं राणीने विचारल्याचं हान घराण्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे. नाही म्हणून उत्तर मिळालं. राणी गेली. हुओची मुलगी राणी झाली, पण पुढे काही वर्षांतच कारस्थान उघडं पडलं आणि हुओ घराण्याचा निर्वंश झाला.

मग हे औषध कसं?

प्राचीन चिनी औषधसंग्रहात वनस्पतींच्या तीन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर रोज खाल्ली तरी चालतील अशी, खालच्या पायरीवर विषारी. ती फार काळ घ्यायची नाहीत, गरज असेल तेवढीच. फूझी खालच्या पायरीवर होतं. म्हणजे ते विष आहे हे वैद्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, ते माहीत असूनच वापरत होते. मिंग काळातल्या झांग जिंगयुए या वैद्याने चार औषधांना राज्याचे आधारस्तंभ म्हटलं. जिनसेंग आणि रेहमानिया हे शांततेच्या काळातले चांगले मंत्री. फूझी आणि रेवाचिनी हे धामधुमीच्या काळातले चांगले सेनापती. सेनापतीला कोणी रोज जेवायला बोलवत नाही.

इसवी सन 200 च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने तापावरचा जो ग्रंथ लिहिला, त्यात एक साधा काढा आहे. फूझी, सुंठ आणि भाजलेलं ज्येष्ठमध, बस. काढ्याचं नाव ‘सी नी’. ‘सी’ म्हणजे चारही हातपाय, आणि ‘नी’ म्हणजे ते गार पडणं. नाडी सापडेनाशी झालीय, हातपाय थंडगार, माणूस निघालाच, अशा वेळचं हे औषध. आज असा रुग्ण दिसला तर काढा ठेवायचा नसतो, रुग्णवाहिका बोलवायची असते. पण तेव्हा दुसरं होतं काय? चिनी वैद्यक म्हणतं की शरीरातली ऊब, ज्याला ते यांग म्हणतात, विझत चाललेली असते आणि फूझी ती परत पेटवतं. आपल्याकडच्या ‘उष्ण वीर्य’ या कल्पनेच्या जवळची ही भाषा आहे, फक्त इथे उष्णता टोकाची.

आता खरी मेख. विष तेच, मग ते मारत का नाही? उत्तर चुलीवर आहे.

ॲकोनिटीनच्या रेणूला दोन शेपट्या आहेत असं समजा. एक ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्याची. दुसरी बेंझोइक आम्लाची. पाचर घट्ट बसते ती या दोन शेपट्यांमुळे. मूळ पाण्यात बराच वेळ उकळलं की पाणी आणि उष्णता मिळून आधी पहिली शेपटी तोडतात. उरलेल्या रेणूचा विषारीपणा साधारण दोनशेव्या हिश्शावर येतो. आणखी उकळलं की दुसरीही तुटते आणि तो हजारो पटींनी कमी होतो. रसायनशास्त्रात याला जलअपघटन म्हणतात. आपण त्याला शिजणं म्हणू या.

यातून एक गोष्ट निघते, आणि मला वाटतं या मुळाबद्दल लक्षात ठेवायची हीच. पुडीवर ‘फूझी’ लिहिलंय यावरून तुम्हाला जवळजवळ काहीच कळत नाही. कच्चं फूझी, अर्धवट शिजलेलं फूझी आणि पूर्ण शिजलेलं फूझी ही रसायनाच्या दृष्टीने तीन वेगवेगळी द्रव्यं आहेत. नाव झाडाचं असतं, गुण चुलीवर ठरतो.

ज्यांगयोउमध्ये काढणी झाली की मुळं आधी कडू खाऱ्या पाण्यात पडतात. समुद्राच्या किंवा विहिरीच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर जे उरतं, ते हे पाणी. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असतं. टोफू बांधायलाही हेच वापरतात. ताजं फूझी उन्हाळ्यात झपाट्याने सडतं, म्हणून हा उपाय. मग त्याच पाण्यात उकळणं, चकत्या करणं, पुन्हा पुन्हा धुणं, वाफवणं. सालीसकट, गडद चहाच्या रंगाच्या केलेल्या चकत्या निराळ्या आणि साल काढलेल्या पांढुरक्या चकत्या निराळ्या. धुण्यात कसूर झाली तर ते खारं पाणीच बाधतं. आणि एवढं करूनही काम संपत नाही. घरी काढा करताना फूझी आधी एकटं, बराच वेळ उकळायचं आणि बाकीची औषधं नंतर टाकायची, असा नियम आहे. जपानमध्ये कारखानदार दाबाखालच्या वाफेत, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्येच म्हणा ना, हे काम उरकतात.

नियम मोडतो तो बहुतेक स्वयंपाकघरात. युनान प्रांतात थंडीत फूझी किंवा त्याची रानटी बहीण डुकराच्या पायांबरोबर तासन् तास शिजवून खायची रीत आहे. मध्येच गार पाणी घालायचं नाही, असा तिथला दंडक. तरी दर काही वर्षांनी एखादी पंगतच्या पंगत दवाखान्यात पोहोचते. मुळं जाड कापलेली, आच कमी पडलेली, नाहीतर कोणाला भूक आवरली नाही म्हणून. त्यात भर अशी की युनानची राजधानी कुनमिंग सुमारे 1,900 मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ लागतो म्हणून आपण कुरकुरतो, इथे तर विष शिजायला वेळ लागतो.

औषधी दारूची गोष्ट आणखी वाईट. सांध्यांना चोळायला कच्ची मुळं दारूत मुरवून ठेवतात. ॲकोनिटीन दारूत छान उतरतं आणि त्याला आच तर लागलेलीच नसते. ती बाटली चुकून कोणी प्यायलं की खेळ खलास.

आपल्या सहाणेवरची बहीण

आयुर्वेदात याच कुळातला वत्सनाभ, म्हणजे बचनाग. हिमालयातून येणारा. तो शोधन केल्याशिवाय वापरायचा नाही हा नियम वैद्य आजही पाळतात. एक पद्धत म्हणजे तुकडे तीन दिवस गोमूत्रात, गोमूत्र रोज बदलून. दुसरी म्हणजे पोटली बांधून दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात टांगून, दुधात शिजवणं. सिचुआनमध्ये खारं पाणी आणि वाफ, इकडे गोमूत्र आणि दूध. पदार्थ वेगळे, पण दोन्हीकडे शेवटी घडतं तेच, काही विष धुऊन जातं आणि काहीच्या शेपट्या तुटतात. तापावर देतात तो त्रिभुवनकीर्ती रस घ्या, त्यात शुद्ध बचनाग असतो. आपल्या औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत बचनाग आहे, म्हणून अशा औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापावी लागते. ती वाचायची असते.

आणि याच कुळातली एक मुळी तर आपल्यातल्या अनेकांनी दात यायच्या आधीच चाटली आहे. बाळगुटीतलं अतिविष! तेही अकोनिटमच, हिमालयातलंच. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग यांच्या जोडीने त्याचेही एकदोन वेढे उगाळले जातात. पण अतिविषात ॲकोनिटीन नाही, त्यातली द्रव्यं वेगळी, मवाळ आहेत. एकीच्या नावात लेकरू आणि पोटात विष, दुसरीच्या नावात विष आणि ती लेकरांच्या तोंडात. (पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते ऐकावं.)

नावांचा घोळ इथेच संपत नाही. आपल्याकडे कळलावीलाही काही जण बचनाग म्हणतात. कळलावीचा कंद विषारीच, पण त्यातलं विष कोल्चिसिन. उपचारही निराळे. म्हणून ‘बचनाग खाल्ला’ एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. मूळ दाखवावं लागतं.

खरंच गुण येतो?

जपानी संशोधकांनी 1970 च्या दशकात फूझीतून हिजेनामीन नावाचं द्रव्य वेगळं केलं. ते हृदयाचे ठोके वाढवतं, जोर वाढवतं. मुळात त्याचं प्रमाण मात्र अगदी नगण्य. उत्तेजक द्रव्यांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने 2017 पासून बंदीच्या यादीत हिजेनामीन नाव घेऊन घातलं आहे, तेव्हा खेळाडूंनी ‘हर्बल’ डब्यांवरची बारीक अक्षरं वाचलेली बरी. याच कुळातल्या दुसऱ्या झाडांच्या मुळांपासून मिळणारं लॅपाकोनिटीन सोडियमची तीच दारं बंद करतं. चीनमध्ये ते वेदनाशामक म्हणून, रशियात हृदयाची बिघडलेली लय सुधारायला वापरतात. विष आणि उतारा एकाच कुळात निघावेत, याची मला गंमत वाटते.

पण शुद्ध, मोजलेलं एक द्रव्य देणं वेगळं आणि काढा देणं वेगळं. संहितेत फूझीची मात्रा 3 ते 15 ग्रॅम आहे. युनानमधला वू पेइहेंग हा विसाव्या शतकातला वैद्य याच्या कितीतरी पट द्यायचा, इतका की लोक त्याला वू फूझी म्हणायचे. त्याचा सगळा भर तासन् तास उकळण्यावर होता. त्याचं नाव सांगून मोठ्या मात्रा देणारे आजही आहेत. अशा वेळी मात्रा सगळ्यांच्या लक्षात राहते, उकळण्याचे तास विसरले जातात. मला हा जुगार वाटतो.

हाँगकाँगने 1999 च्या कायद्यात ज्या 31 जहाल औषधींची वेगळी यादी केली, त्यात कच्चं फूझी आहे, कच्चं आईमूळ आहे आणि रानटी बहीणही. चीनच्या संहितेतही आता यंत्राने तीन विषांची मोजणी करून कमाल मर्यादा घातली आहे. जिभेचं वाक्य मात्र त्यांनी खोडलेलं नाही. ते यंत्राच्या आकड्यांशेजारी तसंच आहे.

मुलं-नातवंडं सिंगापूरला, हाँगकाँगला असतात, तिथून सूपच्या पुड्या येतात, इकडेही कोणी सांधेदुखीवर मुळी देतं. कुठलाही काढा, सूप किंवा चूर्ण घेतल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत ओठ, जीभ, बोटं झिणझिणली, मळमळलं, छातीत धडधडलं, तर ‘औषध लागू पडतंय’ म्हणून वाट बघू नका. या विषाला उतारा नाही. जिथे हृदयावर सतत नजर ठेवता येते अशा रुग्णालयात तडक जा. लय आटोक्यात ठेवायची औषधं तिथे असतात, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर विष उतरेपर्यंत हृदयाचं काम यंत्राकडून करून घेऊन माणूस वाचवता येतो. उरलेला काढा आणि भांड्याच्या तळाशी राहिलेला चोथा फेकू नका. डबीत भरून सोबत न्या.